भिंतीकडची पट्टी

भांडण पत्र्याच्या शेडमागे चाललं होतं आणि ती शेडच्या पुढे बापाचा जेवणाचा डबा घेऊन उभी होती. शाळकरी वय. मोठी माणसं भांडत असली की मध्ये जायचं नाही, एवढं घरात शिकवलेलं होतं. ऐकायचं नाही, असं काही कुणी शिकवलं नव्हतं.

"ही कडी कुठली?" हा तिचा बाप.

"कुठली म्हणजे? कामावरची." हा मुकादम.

"कामावरची कडी मी ओळखतो. तिच्यातून माझी मूठ जात नव्हती. हिच्यातून कोपरापर्यंत हात जातोय."

"मग हात वाळला असेल तुझा. बायकोला सांग, पोटभर वाढत जा म्हणावं."

आता कडीचं काय ते सांगायला हवं. रस्त्यावर टाकायची खडी तेव्हा माणसं हातोड्याने फोडत, आणि दगड मापात आला की नाही ते बघायला एक लोखंडी कडी असायची. दगड कडीतून खाली पडला तर रस्त्यावर गेला, अडकला तर परत हातोड्याखाली. मुकादमाने काय केलं, दगड लहान करत बसण्यापेक्षा कडीच मोठी करून आणली. हुशार माणूस. अशा माणसांचं कुठे अडत नाही.

"अरे, हे धोंडे आहेत," बाप म्हणाला. "हे बसायचे नाहीत. सुटे राहतील."

"रस्त्याला काय कळतंय?"

"रस्त्याला नसेल कळत. चाकाला कळतं."

"मग चाकाला पाठव माझ्याकडे तक्रार घेऊन. आणि तू फावडं उचल, नाहीतर घरी जा. उचलणारे पुष्कळ आहेत."

पोरीला वाटलं, आता बाप काहीतरी असं बोलेल की मुकादमाची बोलती बंद होईल. पण आवाज आला तो फावड्याचा, लोखंड दगडावर घासल्याचा. थोड्या वेळाने बाप हात झटकत पुढे आला, डबा उघडला, नेहमीसारखा जेवला. तेच धोंडे त्याने दिवसभर पसरले, वरून रोलर फिरला, रस्ता झाला. एवढंच की पुढे मरेपर्यंत बाप त्या रस्त्याने गेला नाही. बाजारात जायचं तर नाल्याकडून लांबचा वळसा. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "त्यांना चालायची हौस आहे."

ती पोरगी आता पन्नाशीच्या पुढे गेली आहे. औषधांच्या दुकानातून घरोघरी औषधं पोचवायचं काम करते, म्हणून सगळे तिला औषधवाली म्हणतात. जुनी स्कूटर, पायाशी पिशवी, पिशवीत ज्याच्या त्याच्या नावाच्या पुड्या. लिफ्ट बंद असलेल्या इमारतींतच माणसं जास्त आजारी का पडतात, हे कोडं तिला अजून सुटलेलं नाही. जिना चढायचा, बेल वाजवायची, आतून कुणीतरी "कोण आहे" म्हणून ओरडायचं, हिने "औषध" म्हणायचं, मग साखळी, कडी, कुलूप असं एकेक निघायचं. तोवर भिंतीला टेकून गुडघा जरा हलका करायचा. हीच तिची विश्रांती.

नवरा गेला तो मागे एक स्कूटर आणि एक बहीण ठेवून गेला. "स्कूटर निदान किक मारल्यावर ऐकते," असं औषधवाली म्हणायची, आणि तेही वन्संना ऐकू जाईल अशा बेताने. वन्सं म्हणजे ही मोठी नणंद. जन्मभर एका ऑफिसात टाइपिंग केलं, लग्न केलं नाही, आणि सगळ्या जगाच्या चुका दुरुस्त करायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. भाजी चिरली तर तुकडे एकसारखे नाहीत, चादर घातली तर एक बाजू लोंबते. दोघी एका घरात इतकी वर्षं राहिल्या होत्या की भांडायलाही नवीन विषय उरला नव्हता. जुनेच फिरवून वापरायच्या.

वन्संची मूत्रपिंडं थकली होती. दिवसाआड दवाखान्यात मशीनवर बसून रक्त धुवून घ्यावं लागे. मशीन चुकलं की पाय सुजायचे, दुसऱ्या दिवशी श्वास लागायचा. त्याच्या पुढचं डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं नव्हतं, पण दोघींना कळलं होतं. पायांत जोर नव्हता, म्हणून दवाखान्यानेच एक चाकाची खुर्ची वापरायला दिली होती, आणि न्यायला दारात दवाखान्याची गाडी यायची. बुटकी, मागे उतार लागणारी, खुर्चीसकट माणूस आत घेणारी. ती गाडी होती म्हणून औषधवाली कामावर जाऊ शकत होती. ती गाडी होती म्हणून घर चालत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

नकाशाचं वेड तिला कसं लागलं, तर पडल्यामुळे. औषधं पोचवताना एका वळणावर सुट्या खडीवरून स्कूटर घसरली. मनगट गेलं, काचेच्या बाटल्या गेल्या, आणि रस्त्यात पडल्या पडल्या तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की, इथे खडी आहे हे कुणाला तरी ठाऊक असणारच, मग मला का नाही सांगितलं. दुकानात हिशेब बघणाऱ्या बाईंनी हे ऐकलं आणि तिच्या फोनवर एक नकाशा घालून दिला. हा नकाशा कुणा एकाचा नव्हता. जो तो आपल्या भागातलं त्यात भरायचा, चुकलं तर दुसरा सुधारायचा. औषधवालीने ठिकाणं भरली नाहीत, दुकानं भरली नाहीत. तिने फक्त रस्ते धरले, आणि रस्त्यांतही फक्त एकच गोष्ट: पायाखाली काय आहे.

फोन विचारायचा आणि पुढे छोटी चित्रं मांडायचा. डांबर, फरशी, दाबलेली खडी, बारीक खडी, मोठी खडी, गोल गोटे, माती. बोट ठेवायचं. दिसायला सोपं, पण खडीचे सगळे फोटो एकसारखेच. जवळून काढला तर चुरादेखील धोंडा दिसतो, लांबून काढला तर धोंड्याचा चुरा होतो. नकाशावरची माणसं यावरून आपसांत एवढा वाद घालायची की, लग्नाच्या बैठकीतदेखील कुणी तेवढं ताणत नाही. एक म्हणायचा, सुटी आहे ती सगळी एकच. दुसरा म्हणायचा, गोटा घरंगळतो आणि खडी रुतते, दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. औषधवाली वाचायची, जांभई द्यायची, आणि आपला फोटो टाकायची. तिच्या फोटोत दगडांशेजारी नेहमी तिची एक चप्पल असायची, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज यावा. दुसऱ्या पायावर उभं राहून फोटो काढताना ती बगळ्यासारखी दिसायची, पण ते फोटोत येत नसे. तिकडे तिला सगळे चप्पलवाली म्हणत.

आणि शंका आली की ती हातातली बांगडी काढायची. दगड बांगडीतून गेला तर बारीक, अडकला तर मोठा. मनगट जाड झालं तरी बांगडी तेवढीच राहते, हा त्यातला फायदा.

दवाखान्याची माणसं त्यांची गाडी याच नकाशावर चालवत. पूर्वी कधी एकदा खडीत गाडी रुतली होती आणि आतल्या पेशंटचे हाल झाले होते, तेव्हापासून नियमच केला: मोठी सुटी खडी दिसली की त्या रस्त्यावर गाडी घालायची नाही. हा नियम औषधवालीला ठाऊक होता. तिला त्याचा अभिमानही होता जरासा. आपण बोट ठेवतो आणि कुणाची तरी हाडं वाचतात.

त्यांचं घर गोदामांच्या मागच्या गल्लीत होतं, ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या कोपऱ्यावरून आत. गल्लीला "दाबलेली खडी" असं तिनेच कधीतरी भरलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं. मग एका उन्हाळ्यात डंपर आले, मोठी खडी ओतून गेले, आणि पसरणाऱ्यांनी ती पसरून ठेवली.

"आता रोलर येतोय," रस्त्यांच्या ऑफिसातला माणूस म्हणाला.

रोलर येतोय तो येतोच आहे. तोवर गोदामाचे ट्रक गल्लीतून ये-जा करत राहिले आणि त्यांच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पाडल्या. चाकोरीतली खडी दबली, उरलेली मधोमध आणि कडेला उडून तिचे उंचवटे झाले. औषधवाली स्कूटरवर. तिला एकच चाकोरी पुरे. सकाळी निघाली की डावी चाकोरी धरायची, संध्याकाळी परत येताना दुसरी. स्कूटरच्या दृष्टीने गल्ली काही वाईट नव्हती. दुसऱ्यांच्या गल्लीत ती चप्पल काढायची, बांगडी काढायची. स्वतःच्या गल्लीत कधी काढली नाही. घरच्या रस्त्याला कुणी माप लावतं का? आणि लावलं असतं तर काय निघालं असतं, याचा विचार मनात यायला लागला की तिला नेमकी दुसरी कामं आठवायची.

एक दिवस एका इमारतीच्या जिन्यात, साखळी-कडी-कुलूप निघायची वाट बघत असताना फोन वाजला. कुणीतरी तिच्या गल्लीचं बदललं होतं. "मोठी खडी, सुटी." बदलणाऱ्याने स्वतःचं नाव सायकलवाला असं ठेवलेलं.

दार उघडून आतली बाई हात पुढे करून उभी राहिली तरी हिचं लक्ष नव्हतं. तिथेच, जिन्यात, तिने बोटाने परत "दाबलेली खडी" केलं आणि खाली लिहिलं, "मी इथेच राहते."

"औषध देताय की नुसतं दाखवताय?" बाई म्हणाली.

संध्याकाळी सायकलवाल्याचं उत्तर आलं. भांडखोर नव्हतं. "ताई, तुम्ही या गल्लीतून कशाने जाता? मी सायकलवर होतो. समोरून ट्रक आला म्हणून चाकोरीबाहेर उतरलो आणि पडलो."

तिने ते दोनदा वाचलं. उत्तर दिलं नाही. सायकलवाल्यानेही पुन्हा हात लावला नाही. गल्ली नकाशावर दाबलेलीच राहिली आणि गाडी दारात येत राहिली.

"फोनवर कुणाचं होतं?" वन्संनी विचारलं.

"कुणाचं नाही. एकजण पडला."

"पडणारच. लोक खाली बघत नाहीत," वन्सं म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात स्कूटर बिघडली. मेकॅनिकने तिचं पोट उघडून ठेवलं आणि म्हणाला, उद्या बघू. दुकानदाराने सुट्टी दिली, म्हणजे दिली नाही, पण तोंड वाकडं करून गप्प बसला. मशीनचा दिवस होता. औषधवाली म्हणाली, चला, आज मी येते बरोबर. कितीतरी महिन्यांत ती त्या गाडीत बसली नव्हती.

गाडीत आधीच एक आजोबा बसले होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, टाके अजून ओले, ड्रेसिंगसाठी निघालेले. मांडीवर एक छोटी उशी. गाडी दारापुढे वळून परत गल्लीला लागायच्या आतच आजोबांनी उशी पोटाशी घट्ट धरली आणि डोळे मिटले. औषधवालीला वाटलं, झोप आली असेल.

मग खडी सुरू झाली.

ट्रकच्या चाकोऱ्या ट्रकच्या मापाच्या. गाडी त्याहून अरुंद. एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं मधल्या उंचवट्यावर. गाडी कलली, आपटली, परत कलली. खालून दगड तळाला लागत होते, कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारावा तसे. आजोबा ओरडले नाहीत. त्यांच्या मिटलेल्या पापण्या प्रत्येक धक्क्याला थरथरत होत्या, एवढंच. औषधवालीने वन्संकडे बघितलं. मशीनची सुई टोचायचा हात वन्संनी छातीशी घेतला होता आणि दुसऱ्या हाताने वरचा पट्टा असा पकडला होता की बोटं पांढरी पडली होती. मशीनच्या दिवशी संध्याकाळी "गाडीत बरं होतं ना?" म्हणून विचारलं की याच वन्सं म्हणायच्या, "चालतंय."

"नकाशात म्हणे दाबलेली खडी," गाडीवाला पुढून बोलला. "दाबली कुणी, त्याचा सत्कार करायला हवा."

औषधवालीने तोंड खिडकीकडे वळवलं. वन्संनीही तिच्याकडे बघितलं नाही. वन्संना ठाऊक होतं, कुणी दाबली ते.

वजनकाट्यापाशी डांबर लागलं. आजोबांनी डोळे उघडले. उशी सैल केली आणि हिच्याकडे बघून, समजूत घालावी तसे म्हणाले, "झालं. आता पुढे काही नाही. एवढंच एक असतं."

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. आजोबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर त्या विटेसारख्या लागल्या असत्या.

परतल्यावर वन्संना बिछान्यावर निजवून ती गल्लीत गेली. मधल्या उंचवट्यावर उभी राहिली. एक पाय वर घेऊन चप्पल ठेवली. बांगडी काढली. पहिला दगड अडकला. दुसरा अडकला. तिने शोधून शोधून त्यातल्या त्यात लहान दिसणारा एक उचलला, तो जरासा आत गेला आणि कोपऱ्यावर अडकला. तिरका करून बघितला, उलटा करून बघितला. मग तिच्या लक्षात आलं की आपण दगडाला बांगडीतून घालवायला बघतोय, माप घ्यायला नाही. बांगडी मोठी असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. आलं आणि तिथेच थांबलं. तिने दगड खाली टाकला.

तिथेच उभं राहून तिने बोट ठेवलं. मोठी खडी, सुटी. सायकलवाल्याला लिहिलं, "स्कूटरने जाते. चाकोरीतून. आज गाडीतून गेले. तुमचं बरोबर आहे."

घरात वन्सं जाग्याच होत्या. "एवढा वेळ काय करत होतीस रस्त्यात? शेजारीण म्हणाली, एका पायावर उभी आहे म्हणून."

"रस्ता भरला नकाशात."

"काय भरलंस?"

"आहे ते."

वन्संनी छताकडे बघितलं. "म्हणजे गाडी बंद."

"काट्याच्या कोपऱ्यापर्यंत येईल."

"आणि कोपऱ्यापर्यंत मी काय उडत जाऊ?" वन्संचा आवाज चढला नाही, उलट बसला. "गावभरचे रस्ते पडलेत. खरं भरायला तुला आपलाच सापडला?"

"दुसऱ्यांचे आधीच भरून झालेत."

"माझ्या भावाने बायको करताना जरा खोटं बोलणारी बघायला हवी होती."

"बघितली होती म्हणे एक. तिने तुम्हाला बघून नकार दिला."

एरवी यावर वन्सं हसल्या असत्या. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजल्या. औषधवाली स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी धूत बसली. आजोबांची उशी डोळ्यांपुढून जाईना, आणि वन्संची पांढरी बोटंही. आजोबांना ती पुन्हा भेटणार नव्हती. वन्सं इथेच राहणार होत्या, सुजलेल्या पायांनी.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या ऑफिसात गाडीचं विचारायला जाऊन आली. तिथली बाई चांगली होती, चहा विचारला, पण पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमची गल्ली कालच बदललीय. कुणी बदलली बघते हं." औषधवाली म्हणाली, राहू द्या. रोलरच्या ऑफिसातही गेली. रोलर येत होता.

पहिल्या सकाळी दोघींनी खुर्ची गल्लीत काढली. पुढची लहान चाकं पहिल्याच दगडात अडकली. औषधवालीने मागून रेटलं तर वन्सं पुढे पडायला आल्या. उलटी करून मागे मागे ओढली तर चार पावलांत तिचा श्वास संपला. शेवटी वन्सं उठल्या, वहिनीच्या खांद्यावर सगळा भार टाकला, आणि तशाच दगडांवरून पावलागणिक थांबत कोपऱ्यापर्यंत गेल्या. वजनकाट्याच्या पायरीवर बसल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. गाडीवाला वाट बघत होता. काट्यावरचा माणूस म्हणाला, "आजींना जरा काट्यावर घेऊ का, वजन कळेल."

"तुझ्या अकलेचं कर आधी," वन्सं म्हणाल्या. श्वास लागला होता तरी तेवढं म्हणाल्याच. औषधवालीच्या जिवात जीव आला.

असं रोज जमणार नव्हतं, हे दोघींना दिसत होतं. तिसरी वाट नव्हती. मग औषधवालीला भिंत दिसली. म्हणजे गोदामाची भिंत तिथे होतीच, पण भिंतीच्या अगदी कडेला, जिथे ट्रकचं चाक कधी पोचत नाही, तिथे उडालेल्या खडीखाली जुना रस्ता शाबूत होता. तिने टाचेने दगड बाजूला केले तर खाली टणक, सपाट. बापाच्या चांगल्या दिवसांत त्याच्या हातून झालेल्या रस्त्यासारखा.

गोदामाच्या माळ्याकडून तिने पालापाचोळा ओढायचं दाताळं मागून आणलं. मशीनच्या दिवशी पहाटे उठायचं, दारापासून कोपऱ्यापर्यंत भिंतीकडेने खुर्चीच्या रुंदीची पट्टी ओढून साफ करायची. मग आंघोळ, मग वन्संचं आवरायचं, मग खुर्ची ढकलायची, गाडीत चढवायची, परत येऊन स्कूटर काढायची आणि जिने चढायला निघायचं. दिवसभर ट्रक खडी उडवणार, संध्याकाळी पट्टी पुन्हा भरलेली. वन्सं परत यायच्या आधी दुकानातून धावत येऊन परत दाताळं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. फरक एवढाच की, पाणी निदान वजनाला हलकं असतं.

पहिले काही दिवस वन्सं अबोला धरून खुर्चीत बसायच्या. मग एका सकाळी काठी पुढे करून म्हणाल्या, "तो राहिला."

"कुठला?"

"तो काय, डावीकडे. आणि त्याच्या पुढे अजून एक. डोळे कुठे आहेत तुझे?"

त्या दिवसापासून त्याच मुकादम झाल्या. काठीने दगड दाखवायचा, हिने बाजूला करायचा. पट्टी वाकडी झाली की, "अगं, खुर्ची सरळ जाते, नागमोडी नाही." औषधवाली म्हणायची, "मुकादम, फावडं ठेवून घरी जाऊ का?" "जा की. उचलणारे पुष्कळ आहेत," असं वन्संनी एकदा म्हटलं, काही ठाऊक नसताना. औषधवाली दाताळ्यावर हनुवटी टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. पाठ धरली."

पाठ खरोखरच धरलेली असायची. रात्री ती कुशीवर वळताना आधी हाताने कंबर उचलून घ्यायची. तक्रार कुणापाशी करणार? गाडीवाला भला माणूस होता. नियम मोडून आत येत नसे, पण कोपऱ्यावर वाट बघताना आपल्या बुटाने त्या टोकाचे दगड भिंतीपासून ढकलून ठेवायचा, जमेल तेवढे. आपण काही करतोय असं न दाखवता, शिट्टी वाजवत. सायकलवाल्याने एकदा विचारलं, "तुमच्या गल्लीत भिंतीकडेला आता चांगली जागा दिसते. नकाशात घालू का?" तिने लिहिलं, "नको. संध्याकाळपर्यंत नसते."

एक पावसाळा त्या पट्टीवरून गेला, एक हिवाळा गेला. वन्संच्या चेहऱ्यावरचं मांस उतरलं, जीभ तेवढी राहिली. मग एके दिवशी दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. नर्सला वाटलं झोपल्या. औषधवालीला फोन आला तेव्हा ती कुठल्याशा चौथ्या मजल्यावर होती. दार उघडलं, औषध दिलं, पैसे घेतले, आणि मग ती तिथल्या पायरीवर बसली. आतल्या बाईने पाणी आणून दिलं. काय झालं, तिने विचारलं नाही.

दिवस-वार झाले, माणसं येऊन गेली. घर एवढं शांत झालं की चादर लोंबली तरी कुणी बोलेना. औषधवाली स्वतःच उठून ती सरळ करायची.

मग दवाखान्याच्या ऑफिसातून फोन आला. तीच चहा विचारणारी बाई. जड आवाजात म्हणाली, "घाई नाही, पण खुर्चीसाठी एकजण थांबलेत."

"उद्या आणते," औषधवाली म्हणाली.

गाडीवाल्याचा फोन लगेच त्याच्यामागे. "वहिनी, मी येतो आत दारापर्यंत. कुणाला सांगू नका. रिकामी खुर्ची आहे, तिला काय लागतंय?"

"रस्ता तोच आहे, भाऊ. कोपऱ्यावर थांबा नेहमीसारखे."

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली. खुर्ची ओल्या फडक्याने पुसली. बसायच्या जागेच्या फटीत वन्संच्या केसांची एक पिन सापडली, ती काढून स्वतःच्या केसांत खोचली. मग दाताळं घेतलं आणि दारापासून सुरुवात केली. कितीतरी दिवसांत पट्टीला हात लागला नव्हता, खडी भिंतीपर्यंत चढली होती. सावकाश ओढत गेली. डावीकडे एक राहिला होता. मागे वळून तो काढला. उजेड पुरता झाला तेव्हा भिंतीकडेने खुर्चीएवढी वाट कोपऱ्यापर्यंत सरळ गेली होती, नागमोडी नाही.

तिने खुर्ची ढकलली. रिकामी खुर्ची हलकी जाते, पण तिने ती तशीच नेली, ज्या वेगाने न्यायची सवय होती त्या वेगाने. काट्यावरचा माणूस उठून उभा राहिला. गाडीवाल्याने उतार खाली सोडला.

"एवढ्यासाठी पट्टी कशाला साफ केलीत? दोघांनी उचलून आणली असती."

"चाकाची आहे," ती म्हणाली. "चाकावरच न्यायची."

त्याने खुर्ची आत घेतली, पट्टा लावला. मागच्या बाकावर कुणीतरी नवीन पेशंट बसलं होतं, मांडीवर पिशवी धरून. गाडी डांबराच्या रस्त्याने निघून गेली.

खिशातला फोन थरथरला. नकाशा अधूनमधून विचारतो तसा विचारत होता, या गल्लीत अजून मोठी सुटी खडीच आहे का. तिने वाकून एक दगड उचलला, बांगडी काढली, लावून बघितली. बोट ठेवलं: हो.

मग कोपऱ्यावर टेकून ठेवलेलं दाताळं खांद्यावर न घेता हातातच धरलं, आणि परत येताना पट्टीवर जे खडे घरंगळले होते ते बाजूला ओढत ओढत घराकडे चालू लागली. स्कूटर काढायची होती. दुकान उघडलं असणार.